तीन दिवसांचा चीक

वाटी कलती करून जानकी शेवग्याच्या बुंध्याशी वाकली होती आणि चीक आता मातीत जाणार, एवढ्यात मागून नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय ओतताय तिथे, जानकीबाई?” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. अकरा वर्षं या प्रसूतिगृहात आया म्हणून काढल्यावर डॉक्टरांचा राग कुठल्या कानाने ऐकायचा आणि कुठल्या कानाने सोडायचा हे तिला पाठ झालं होतं. पण बाईंनी नुसतंच विचारलं, शेजारणीने आज भाजी कसली म्हणून विचारावं तसं, आणि त्यामुळे ती गोंधळली. चार नंबरच्या बाळंतिणीचं पहिलं दूध आहे, म्हणाली. जड असतं, नासकं असतं, पोराला बाधतं, म्हणून काढून टाकायचं. बाईंनी वाटी तिच्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली आणि तळाशी साचलेला तो दोन चमचे पिवळा, दाट चीक बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आई जन्मभरात ज्या ज्या दुखण्यातून उठली, त्याची आठवण तिचं अंग सांभाळून ठेवतं. ती आठवण यात उतरते. बाळाचं पहिलं औषध आहे हे, आणि तुम्ही ते झाडाला पाजताय.” एवढं बोलून त्यांनी वाटी परत जानकीच्या हातात ठेवली आणि त्या राउंडला निघून गेल्या. जानकी वाटी धरून उभीच राहिली. ओतावी तर बाईंनी असं म्हटलेलं, न ओतावी तर ठेवायची कुठे.

शेवटी तिने ती ओतलीच, सवयीने. भिवंडीत या कामासाठी तिचं नाव होतं. तिचा हात हलका. बाळंतिणीला दुखू न देता पहिले तीन दिवस चीक पिळून काढावा तर जानकीबाईने. शेलार-काल्हेर गावांकडची कुणबीण असो, मोहल्ल्यातली मुसलमानीण असो, तेलंगी विणकराची बायको असो की यूपीहून पॉवरलूमवर आलेल्याची, बाकी जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्यांचं भांडण असलं तरी चीक टाकायचा यावर सगळ्यांचं एकमत. कुणी पोराला मध चाटवी, कुणी गुळाचं पाणी, कुणी घुट्टी. “मौसी, जरा हलके से,” असं म्हणत बायका तिच्यापुढे पदर बाजूला करीत. कामाची रीतही ठरलेली होती. चीक मोरीत ओतायचा नाही, चुलीवर सांडायचा नाही, कुणाचा पाय पडेल तिथे टाकायचा नाही. नाहीतर दूध आटतं. म्हणून मागच्या अंगणातला शेवगा. अकरा वर्षांत त्या झाडाने असं बाळसं धरलं होतं की शेंगांच्या भाराने फांद्या वाकत आणि अख्खा स्टाफ आमटीला शेंगा घेऊन जाई. बाईंचं ते वाक्य ऐकेपर्यंत जानकीला त्याचं कौतुकच वाटत आलं होतं. त्या दुपारी तिने झाडाकडे वर मान करून पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला ते झाड जरा जास्तच धष्टपुष्ट वाटलं.

ड्युटी सुटल्यावर ती घरी निघाली तेव्हा दुपारची शिफ्ट भरात होती. दोन्ही बाजूंच्या शेडमधून लूमचा खडखडाट येत होता; इथे नवा माणूस आला की त्याचं डोकं उठतं, आणि जुन्याला लाइट गेली की कानात कसंतरी होतं. त्या आवाजात तिला विचार करायला बरं पडे, कारण कुणी हाक मारली तरी ऐकू येत नसे. अंग आठवण ठेवतं म्हणजे कुठे ठेवतं? डोक्यात तर नाही. दवाखान्याच्या भिंतीवर अजून रंगवलेलं होतं, देवीचा रोगी दाखवा, बक्षीस मिळवा. ते वाचून दाखवलं की जानकी म्हणे, मलाच दाखवा आणि बक्षीस घ्या. तिच्या गालांवर देवीचे वण होते. पण देवी आल्या तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि त्यातलं तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं, ना ताप, ना कडुनिंबाचा पाला. आई सांगायची म्हणून माहीत. मग जे तिला स्वतःला आठवत नाही ते तिच्या अंगाला आठवतं, हे कसं? आणि आठवत असेल तर ते हाडांत असतं की रक्तात, आणि दुधाची वाट त्याला कोण दाखवतं? तिला हसू आलं. त्रेचाळीस वर्षं ज्या अंगात राहिलो त्यात एक भाडेकरू होता आणि आपल्याला पत्ता नाही. ती गालावरच्या एका वणावर बोट फिरवत चालली. हिवताप झाला होता, कांजिण्या झाल्या होत्या, एका पावसाळ्यात कावीळ झाली होती. तिने दुखणी मोजली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्यांचा थोडा अभिमान वाटला.

घरी सून मैना नवव्या महिन्याचं पोट सांभाळत तांदूळ निवडत बसली होती आणि जानकीची सासू राहीबाई खाटेवरून तिला सूचना देत होती. शेलारचं घर दिराकडे सोडून ही मंडळी लूमच्या शेडमागच्या पत्र्याच्या खोलीत राहत, कारण जानकीचा मुलगा लडकू लूमवर होता. राहीबाई सत्तरीची, गेल्या भाद्रपदात तिला जो खोकला लागला तो तिने घरात सगळ्यांना एकेक करून वाटला, मैनालाही, आणि स्वतः मात्र अजून पुरवून पुरवून वापरत होती. “पोरीचे दिवस भरले,” ती जानकीला म्हणाली. “मधाची बाटली म्या आनून ठेवली हाय. आपल्या घरचा चीक तुज्याच हातानं काढायचा.” जानकी हो म्हणाली. पण हातपाय धुताना तिला जाणवलं की आपण हो म्हणालो ते नुसतं तोंडाने. बाईंचं बोलणं खरं असेल तर ते चार नंबरच्या बाळंतिणीपुरतं खरं नव्हतं. ते मागे जात होतं, लांब, शेलारपर्यंत, आणि तिथे जाऊन जिथे थांबत होतं तिथे तिला जायचं नव्हतं.

तिथे रघू होता. सव्वीस वर्षांपूर्वीचा, तिचा पहिला. जानकी सतरा वर्षांची, माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच झालेलं. त्याच आठवड्यात गोठ्यात कपिली गाय व्याली. जानकी खोलीत पडून होती, छाती दगडासारखी झालेली, वर फडकं घट्ट बांधलेलं. राहीबाईने चीक पिळून केळीच्या बुंध्याशी ओतला होता आणि रघूला गुळाच्या पाण्यात बुडवलेली कापसाची वात चोखायला दिली होती. तो वात चोखे, थकून झोपे, परत उठून रडे. आणि भिंतीपलीकडे सासरे ओरडत होते, आधी वासराला पाजा, पोट भरून पाजा, मग खरवसाचं बघा, नाहीतर पाडा हातचा जाईल. दुपारी खरवसाचा वास घरभर सुटला, वेलची घातलेला. त्या वासात जानकीच्या मनात एक साधी गोष्ट आली आणि तिने ती विचारली. वासराला पाजतात, मग आपल्या पोराला का नाही? राहीबाई म्हणाली, “तू काय गाय हायस?” आत बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. जानकीही हसली, लाजून. सव्वा महिन्याच्या आत रघूला हगवण लागली आणि दोन दिवसांत तो गेला. पाडा मात्र जगला, वाढला, सात वर्षं त्याने नांगर ओढला. जानकीने त्याला पेंड घातली, पाणी दाखवलं, पोळ्याला शिंगं रंगवली. पण त्याच्या पाठीवरून हात फिरवायला तिचा हात कधी उचलला नाही, आणि का नाही हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

आता मात्र विचारावं लागत होतं. लडकूची गोष्ट वेगळी होती. ती मावशीकडे वडप्याला निघालेली असताना वाटेतच कळा सुरू झाल्या आणि एका कातकरणीच्या झोपडीत लडकू जन्मला. त्या बाईने ना मध शोधला ना वात. पोर पुसलं आणि सरळ जानकीच्या छातीला लावलं, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी मधाची बाटली घेऊन राहीबाई पोचली तेव्हा सगळा चीक पोराच्या पोटात गेलेला. घरात महिनाभर सगळ्यांचा जीव टांगणीला. लडकूला शिंकही आली नाही. तेव्हा सगळ्यांनी नशीब म्हटलं. जानकी आता दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघत होती आणि स्वतःलाच दटावत होती की एकावरून काय ठरतं. चीक प्यालेली पोरंही मरतात आणि वातीवर वाढलेली पैलवान होतात. तिने स्वतःच्या हाताने चीक काढलेल्या किती बायकांची पोरं आज शाळेत जात होती. अकरा वर्षं तिने हेच तर पाहिलं होतं. यातच तिला आधार सापडला, आणि तिने तो घट्ट धरला. बाई तरुण आहेत, शिकलेल्या आहेत, पुस्तकातलं बोलतात. बाईंचं खोटं ठरलं तर रघूचं काही कुणाच्या हातून झालेलं नव्हतं.

पण जिज्ञासा मेली वाईट. दाताच्या फटीत काही अडकलं की जीभ तिथेच जाते. दोन दिवसांनी ती वाट वाकडी करून पंढरी गवळ्याच्या तबेल्यात गेली. पारडाला चीक न्हाय दिला तर काय व्हतं रे, तिने विचारलं. पंढरी शेणाची पाटी उचलता उचलता थांबला, जानकी शुद्धीवर आहे ना हे पाहण्याइतका. व्हनार काय, म्हणाला, मरतं. व्याल्यावर लगेच पोटात गेला न्हाय तर हगवण लागून आठ दिवसांत जातं. हे तर शेंबड्या पोराला ठावं. हगवण हा शब्द जानकीला लागला. पण त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की आपल्या हाती बाईंना पेचात पकडण्यासारखं काहीतरी लागलंय. चीक जर एवढा मोलाचा, तर तो न मिळालेलं पारडू आठ दिवसांत मरतं आणि माणसाची पोरं बहुतेक जगतात, असं का? दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नव्हत्या. तिला इतका आनंद झाला की ती तबेल्यातून निघाली ती जवळजवळ पळतच.

डॉक्टरीणबाई चहा पीत होत्या. जानकीने दारातच प्रश्न टाकला आणि पदराने कपाळ पुसत उभी राहिली. बाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा खुलला की जानकीला कळलं, पेच काही पडलेला नाही. हा प्रश्न कुणी सुचवला म्हणून त्यांनी विचारलं. पंढरीच्या म्हशीने, जानकी म्हणाली. मग बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. गाय-म्हैस वासराला पोटात असताना रोगाशी लढायचं बळ काहीच देत नाही; जे द्यायचं ते सगळं चिकातून देते, आणि तेही पहिल्या दिवसात. म्हणून तो चुकला की वासरू जातंच, आणि शेतकऱ्याच्या ते डोळ्यांना दिसतं. माणसाची आई मात्र दोनदा देते. थोडं पोटात असताना रक्तातून, आणि उरलेलं चिकातून, पुढे दुधातूनही. “म्हणून चीक टाकला तरी बरीच पोरं तगतात, जानकीबाई. आणि तुम्हाला वाटतं, टाकला तरी चालतं. जी तगत नाहीत त्यांची कारणं आपण दुसरीकडे शोधतो.” नव्या घराची भुई सारवल्याशिवाय कुणी राहायला जात नाही, तसं हे आतड्याचं सारवण आहे, त्या म्हणाल्या, आणि नुसती जुनी दुखणी नाहीत, घरात आज जे फिरतं, खोकला असो की हगवण, ते आईच्या अंगात शिरलं की त्याचाही उतारा दुधात येतो. एकाच चुलीशी राहणाऱ्यांचं सगळं.

जानकीला ते कळलं. सगळं कळलं, आणि कळल्याचा एक लख्ख आनंद तिला झाला, गाठ सुटून सगळा दोरा हातात सरळ यावा तसा. सतराव्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाला कुणीतरी उत्तर दिलं होतं, हसलं नव्हतं. ती गाय नव्हती. गाईपेक्षा दुप्पट देणारी होती, आणि निम्मं केळीला घातलं होतं. हे मनात आलं आणि तिने स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली. बाईंनी पाणी दिलं. ते न पिताच तिने विचारलं, माझा पहिला चीक प्याला असता तर वाचला असता का. “सांगता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “वाचलाही असता. नसताही.” जानकीला त्यांचा राग आला, मग वाटलं, खोटं बोलल्या असत्या तर आपण सुनेच्या वेळी त्यांचं ऐकलं नसतं. त्या दिवशी वॉर्डातल्या दोघी बाळंतिणींचा चीक तिने काढला नाही. हाताला लागलंय, म्हणाली.

पण दोन परक्या बायकांना हाताचं निमित्त सांगणं सोपं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मैना अडली नाही, रडली नाही, दहाच्या सुमारास मोकळी झाली. मुलगी झाली, सहा पौंडांची, रागाने लाल. आणि तासाभराने लडकूच्या खांद्याचा आधार घेत राहीबाई वॉर्डात आली. लडकूला तिने बाहेर घालवलं, खाटेशेजारच्या स्टुलावर बसली आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून मांडली. मधाची बाटली. जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाची वळलेली वात. पितळेची छोटी वाटी. जानकीने ती वाटी ओळखली. कडेला पोचा होता, शेलारचीच. मैना या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. पोरगी तिच्या कुशीत तोंड इकडेतिकडे वळवत होती, काहीतरी शोधत. जानकीला एकाएकी भीती वाटली, बाईंची नाही, म्हातारीची नाही; वाटी घेतली नाही तर जे बोलल्यासारखं होईल त्याची. या खोलीत आज चीक पाजायचा म्हणजे म्हातारीच्या तोंडावर म्हणायचं की रघूच्या वेळी आपण चुकलो. सव्वीस वर्षांत रघूचं नाव त्या दोघींत निघालं नव्हतं. वाटी घेतली असती तर आणखी सव्वीस वर्षं निघालं नसतं.

“जानके, वाटी घे,” राहीबाई म्हणाली. “पोर कंटाळलं.”

“आज वाटी नको, आत्या,” जानकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “वासराला पाजतात तसं पाजू.”

जानकीने म्हातारीकडे पाहिलंही नाही. तिने मैनाचा पदर बाजूला केला, पोरीची मान तळहातावर घेतली आणि तिला छातीशी नेलं. हा तोच हलका हात, अकरा वर्षं काढून घेणारा. पोरीने दोनदा चुकवलं, चिडली, आणि मग तिचं तोंड बसलं. मैनाने श्वास रोखला आणि हळूच सोडला. बाहेर कुठल्याशा शेडमध्ये लाइट आली असावी, कारण एकदम लूम सुरू झाले. पण खाटेजवळ पोरीच्या घोटांचा आवाज ऐकू येत होता, बारीक, थांबून थांबून. जानकी तो मोजायला लागली आणि दहाच्या पुढे तिला मोजता आलं नाही, कारण तिचे डोळे भरले होते आणि रघूला असा एक घोट मिळाला असता तर त्याचा आवाज कसा आला असता हे तिला ऐकायचं होतं.

“तू तवा इचारलं व्हतंस मला,” राहीबाई म्हणाली.

जानकीने मान वळवली. म्हातारी वाटीकडे बघत होती. जानकीला इतकी वर्षं वाटत आलं होतं की तो प्रश्न जगात फक्त आपल्यालाच आठवतो.

“वासराचं. म्या हसले,” राहीबाई म्हणाली. “मला ठावं न्हवतं, म्हनून हसले.”

यावर बोलण्यासारखं जानकीकडे पुष्कळ होतं. सव्वीस वर्षांचं साठलेलं, आणि आज ते बोलायची वेळ आली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. तिने फक्त बाईंचं सांगितलं, वाचलाही असता, नसताही. म्हातारीने मान हलवली. मग ती पोरीच्या हलणाऱ्या गालाकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या तोंडावर काहीतरी दुसरं आलं. जानकीने ते ओळखलं. तिला स्वतःला चार दिवस तेच झालं होतं. त्यात काय काय असतं म्हणून राहीबाईने विचारलं, आणि जानकीने जमेल तसं सांगितलं, मैनाच्या कांजिण्या, मैनाचा हिवताप, मैनाने ज्या ज्या दुखण्यातून मान वर काढली ते सगळं.

“म्हंजे तिच्या माहेरचं,” राहीबाई म्हणाली. मग पुढे म्हणाली, “माजं काय नसंल त्यात.”

ती ते असं म्हणाली की जणू वाटणी होत होती आणि आपल्याला काही मागायचा हक्क नाही हे तिला मान्य होतं. जानकीने तिच्याकडे पाहिलं, तिच्या सुरकुतल्या गळ्याकडे, भाद्रपदापासून तिथे घर करून बसलेल्या त्या खोकल्याकडे.

“हाय ना,” ती म्हणाली. “भादव्यात तुमचा खोकला हिला लागला व्हता. त्याचा उतारा उतरतोय बगा आता.”

राहीबाईने यात थट्टा किती आणि खरं किती हे तिच्या चेहऱ्यावर शोधलं. मग तिला खोकला आला. तो तिने पदरात दाबला, पण दाबता दाबता तिला हसू फुटलं. हसू ओसरल्यावर तिने रिकामी वाटी पिशवीत टाकली. बाटलीचं बूच काढलं, करंगळी मधात बुडवली आणि वाकून ती मैनाच्या तोंडाला लावली. एवढा मध आनलाय, म्हणाली, तो काय वाया घालवायचा.